रुपेरी पडद्यावरील पाताळ

मनुष्याला डोक्यावरील आकाशाचें जेवढें कुतूहल आहे, तेवढेंच पायांखालील भूमीचेंहि आहे. फरक इतकाच कीं, आकाश त्याला दिसतें आणि भूमीचें पोट दिसत नाहीं. जें दिसत नाहीं तेथें कल्पनेला रान मोकळें सांपडतें, आणि आपल्या पुराणकारांनीं या रानांत यथेच्छ विहार केलेला आहे. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल असे सात मजले त्यांनीं पृथ्वीखालीं रचिले व ते दैत्य, दानव आणि नाग यांच्या वैभवानें भरून टाकिले. विष्णुपुराणांत तर नारदमुनि पाताळाची यात्रा आटोपून स्वर्गांत येतात आणि तें स्थान इंद्रलोकाहूनहि रमणीय आहे, असें देवांच्या भर सभेंत सांगतात. तेथें सूर्य प्रकाश देतो पण तापत नाहीं, चंद्र उजळतो पण गारठवीत नाहीं. ज्या बळीराजाचें स्मरण आपण दरवर्षीं दिवाळींत करितों, तोहि सुतलांतच राज्य करितो. सारांश, आपलें पाताळ हें भयाचें स्थान नसून ऐश्वर्याचें आहे. पाश्चात्य लोकांनीं मात्र भूमीच्या पोटांत नरक कल्पिला, आणि तो त्यांच्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. याचा पुरावा पाहावयाचा असेल तर त्यांच्या धर्मग्रंथांकडे जाण्याचें कारण नाहीं. त्यांचे विज्ञानकथांवरील चित्रपट पाहिले तरी पुरे.

हे चित्रपट आम्हीं एकापाठोपाठ एक पाहिले, त्याचें श्रेय आमच्या नातवंडांस आहे. गेल्या वर्षीं चातुर्मासांत आमच्या घरीं असा प्रघात पडला कीं, दर शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर लहानथोर मंडळींनीं दिवाणखान्यांत एकत्र बसावें व मुलांनीं निवडलेला एक चित्रपट सर्वांनीं पाहावा. मुलांनीं विषय निवडला तो जमिनीखालील जगाचा. आरंभीं आम्हांस वाटलें, हा केवळ पोरखेळ आहे. परंतु चारसहा चित्रपट झाल्यावर ध्यानांत आलें कीं, या पाताळांचे सरळसरळ तीन प्रकार पडतात. पहिलें प्रवासाचें पाताळ, दुसरें श्रमाचें आणि तिसरें आश्रयाचें. या तिहींत जातांजातां माणसाचें कुतूहल कमी होत जातें आणि भय वाढत जातें.

पहिल्या प्रकारांतील अग्रपूजेचा मान अर्थातच झ्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराचा. त्याची पृथ्वीच्या मध्याकडील प्रवासाची कादंबरी १८६४ सालीं प्रसिद्ध झाली व तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांपैकीं १९५९ सालचा अमेरिकन चित्रपट आम्हांस विशेष आवडला. जेम्स मेसन या नटानें त्यांतील हेकट प्रोफेसर मोठा बहारीचा रंगविला आहे. ही मंडळी आइसलंडांतील एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांतून आंत उतरतात, आणि भूगर्भांतील समुद्र, छत्रीएवढालीं अळंबीं व राक्षसी सरडे पाहून इटलीजवळील स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर बाहेर फेंकलीं जातात. यांतील कांहीं गुहा खऱ्या आहेत. न्यू मेक्सिको प्रांतांतील कार्ल्सबाड येथील प्रसिद्ध गुहांत त्यांचें चित्रण झालें. सरडेहि खरेच, जिवंत सरड्यांच्या पाठीवर खोटे पंख चिकटवून त्यांस प्रचंड करून दाखविलें आहे. कादंबरीतील प्रवाशांत एकहि स्त्री नाहीं; चित्रपटवाल्यांनीं एक विधवा बाई त्यांत घातली, आणि ती प्रोफेसरांस पुरून उरते. आमच्या घरांतील स्त्रीवर्गाला हा फेरफार फार पसंत पडला.

हा चित्रपट संपतांच आमच्या नऊ वर्षांच्या नातवानें विचारिलें, “आजोबा, खरंच इतकं खालीं जातां येतं का हो?” मुलांच्या प्रश्नाला खरें उत्तर द्यावें असा आमचा दंडक आहे, म्हणून त्याला जें सांगितलें तें येथें थोडक्यांत देतों. पृथ्वी पोकळ असावी असें एके काळीं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाहि वाटत होतें. धूमकेतूमुळें ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें त्या एडमंड हॅले यानेंच १६९२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पृथ्वीच्या आंत एकांत एक अशीं कवचें आहेत. ही समजूत मोडली ती भूकंपांच्या अभ्यासानें, आणि त्या अभ्यासाशीं आपल्या देशाचा निकटचा संबंध आहे. १२ जून १८९७ रोजीं आसामांत झालेल्या भयंकर भूकंपाची पाहणी भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड ओल्डहॅम यानें केली. भूकंपाच्या लाटा निरनिराळ्या जातींच्या असून त्या निरनिराळ्या वेगानें प्रवास करितात, हें त्यानें त्यावरून दाखविलें. पुढें १९०६ सालीं अशाच लाटांच्या आधारें पृथ्वीला वेगळा गाभा आहे असें त्यानें सिद्ध केलें. १९३६ सालीं इंगे लेहमन या डॅनिश विदुषीनें त्या गाभ्याच्याहि आंत आणखी एक गाभा असल्याचें शोधून काढिलें. म्हणजे पाताळांत न उतरतां पाताळाचे मजले मोजले गेले! प्रत्यक्ष उतरण्याची गोष्ट मात्र निराळी. रशियांतील कोला द्वीपकल्पांत १९७० सालापासून जें विवर पाडण्यांत आलें तें १९८९ सालीं १२,२६२ मीटरांवर पोंचलें. तेथें उष्णता १८० अंशांपर्यंत गेली आणि काम पुढें सरकेना. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. तेव्हां माणसानें गांठलेली खोली तिच्या पांचशेंव्या हिश्श्याइतकीहि भरत नाहीं. हें ऐकून नातू किंचित् हिरमुसला, पण त्याची झोंप कांहीं उडाली नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या पाताळानें मात्र आमची झोंप उडविली. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट. त्याचा पहिला खेळ १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें झाला. वरती गगनचुंबी इमारती, बागा, क्रीडांगणें व श्रीमंतांचीं मुलें. त्यांच्या खालीं यंत्रें. यंत्रांच्याहि खालीं मजुरांची वस्ती. मजुरांची पाळी दहा तासांची, म्हणून त्यांच्या घड्याळावर आंकडेहि दहाच! नगराधिपतीचा मुलगा फ्रेडर एके दिवशीं सहज खालीं उतरतो. एका यंत्राचा स्फोट होऊन माणसें होरपळतात, आणि त्याच्या दृष्टीला तें यंत्र माणसें गिळणाऱ्या दैवतासारखें भासूं लागतें. पुढें एक खटपट्या शास्त्रज्ञ लोखंडी स्त्री निर्माण करितो व तिला मारिया नांवाच्या साध्वी मुलीचें रूप देतो. ती मायावी स्त्री मजुरांस चिथावते, मजूर मुख्य यंत्र फोडितात, आणि त्यामुळें त्यांच्याच वस्तींत पाणी भरूं लागतें. तीं मुलें बुडतां बुडतां वांचतात व शेवटीं धनी आणि मुकादम यांचे हात एकमेकांत दिले जातात. आरशांच्या युक्तीनें लहानशा प्रतिकृती प्रचंड इमारतींसारख्या दाखविण्याची त्यांतील किमया आजहि पाहणाऱ्यास थक्क करिते. या चित्रपटाच्या खर्चानें काढणारी कंपनी पार डबघाईस आली, आणि त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा कापून टाकण्यांत आला. तो भाग कायमचा गेला असें सर्वांनीं गृहीत धरिलें होतें. पण २००८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील ब्युनॉस आयरिस शहरच्या एका संग्रहालयांत बहुतेक संपूर्ण प्रत सांपडली व २०१० सालीं तो चित्रपट पुन्हां जगासमोर आला. एवढें पाताळचित्र स्वतःच इतकीं वर्षें तळघरांत पडून राहावें, हा योगायोग म्हणावयाचा.

या कथेची लेखिका थेआ फॉन हार्बू ही लांगची पत्नी. तिचा आपल्या मराठी मुलुखाशीं संबंध आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. बेळगांवकडील अयि गणपत तेंडुलकर हे तरुण गृहस्थ विद्याभ्यासासाठीं जर्मनींत गेले होते व बर्लिन येथें वृत्तपत्रांत लिहीत असत. १९३३ सालीं लांग व हार्बू यांचा घटस्फोट झाला. त्यानंतर तिनें तेंडुलकरांशीं गुप्तपणें विवाह केला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशीं तेंडुलकर स्वदेशीं परतले व पुढें इंदुमती गुणाजी या गांधीवादी कार्यकर्तीशीं त्यांचें लग्न झालें. ही सारी हकीकत त्यांच्या कन्येनें इंग्रजी ग्रंथरूपानें लिहून ठेविली आहे. हार्बूबाई मात्र मागेंच राहिल्या आणि नाझी राजवटींत चित्रपटांसाठीं लिहीत राहिल्या. खालच्या माणसांसाठीं अश्रु ढाळणारी लेखणी वरच्यांच्या सेवेला किती सहज रुजूं होते, याचें हें उदाहरण आहे.

या चित्रपटावर तत्कालीन टीकाहि कडक झाली. एच्. जी. वेल्स यांनीं १९२७ सालींच त्याला मूर्खपणाचा कळस ठरविलें. यंत्रें वाढलीं म्हणजे हमाली कमी व्हावयाची, तर येथें ती वाढलेली कशी दाखविली, हा त्यांचा मुख्य आक्षेप. गंमत अशी कीं, जमिनीखालीं राबणाऱ्यांचें सर्वांत भयंकर चित्र स्वतः वेल्स यांनींच १८९५ सालच्या आपल्या कालयंत्राच्या कादंबरींत काढिलेलें आहे. इ. स. ८,०२,७०१ या सालीं मनुष्यजात दुभंगलेली आहे. वरती सुकुमार, निरुद्योगी एलॉय आणि खालीं यंत्रें चालविणारे मॉरलॉक. मॉरलॉक हे पिढ्यान्‌पिढ्या खालीं कोंडलेल्या कामकऱ्यांचे वंशज, आणि आतां ते वरच्यांस खाऊन जगतात! १९६० सालीं जॉर्ज पाल यानें या कादंबरीचा सुरेख चित्रपट केला. परंतु त्यांत या दुभंगाचें कारण बदललें. तेथें महायुद्धामुळें कांहीं लोक भुयारांत राहिले आणि कांहीं वर आले, असें सांगितलें आहे. हवाई हल्ल्याच्या भोंग्यासारखा भोंगा वाजतांच एलॉय मान खालीं घालून मॉरलॉकांच्या दारांत शिरतात, हा प्रसंग अंगावर कांटा आणतो, यांत शंका नाहीं. पण गिरणीमालकाला टोंचणारा कांटा मात्र त्यांतून काढून टाकिलेला आहे. युद्धाचा दोष कोणावरहि टाकतां येतो. आपल्या घराच्या व्यवस्थेचा दोष कोणावर टाकावा?

हा प्रश्न आम्हीं पुस्तकांतून उचललेला नाहीं. ‘मेट्रोपोलिस’ ज्या शनिवारीं लावला, त्या रात्रीं आमच्या थोरल्या काकू प्रथमच आमच्यांत येऊन बसल्या. त्यांचें वय आज ८५ च्या पुढें आहे. मूकपट असल्यामुळें भाषेची अडचण नव्हती. मध्यें येणाऱ्या पाट्या नात भराभर मराठींत सांगत होती. काकूंनीं शेवटपर्यंत चित्रपट पाहिला आणि मग म्हणाल्या, “अरे, खालीं राबणारीं माणसं चिडून उठतात, इथवर पटलं. पण आपलीं पोरं खालीं ठेवून आया वर जाऊन नाचतात, हें कोणीं लिहिलं? बाईनं? मग ती बाई फारशी चुलीपाशीं बसलेली नसावी.” सर्वजण हंसले. वेल्स यांच्या टीकेपेक्षां ही टीका आम्हांस अधिक मार्मिक वाटली.

त्यानंतर काकू जें बोलल्या तें आम्हीं पूर्वीं कधींहि ऐकिलें नव्हतें. आमचा जुना वाडा सातारा जिल्ह्यांत पाटण येथें होता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटें ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां आम्ही ७ वर्षांचे होतों. अंधारांत सारें घर अंगणांत लोटलें आणि आजोबांनीं मुलांस एकेकाचा दंड धरून मोजिलें. आमचा आंकडा सहावा होता, एवढें आम्हांस स्पष्ट आठवतें. ही गोष्ट आमच्या घरांत आजोबांच्या धीराची गोष्ट म्हणून अनेकदां सांगितली जाते. काकूंनीं तिचा उरलेला भाग सांगितला.

“मी चारालाच उठलें होतें. मागच्या सोप्यांत बंब पेटवीत होतें. पहिला धक्का बसला आणि सोप्याची भिंत मधोमध आली. तुमची मोजणी मला पलीकडून ऐकूं येत होती. पोरं झालीं, गडीमाणसं झालीं, गाईचं दावं कोणीतरी सोडलं. मी ढेंकळं बाजूला करीत आपली आपण बाहेर आलें. सासूबाईंनीं मला पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अग, बंब विझवलास ना?’”

नातीनें विचारिलें, “म्हणजे काकूआजी, तुला मोजायला विसरले सगळे?”

“विसरलं कोणी नाहीं ग,” काकू शांतपणें म्हणाल्या. “मी आंतच असणार, हें सगळ्यांना ठाऊक होतं.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. काकूंच्या स्वरांत गाऱ्हाणें नव्हतें. कोणाला बोल लावण्याचा हेतूहि नव्हता. आमचे आजोबा निष्ठुर नव्हते आणि आजीहि दुष्ट नव्हती. ज्या घरीं चूल फुटली कीं खरोखरच आग लागावयाची, तेथें बंबाची चौकशी करणें हें शहाणपणाचेंच होतें. परंतु एखादें माणूस आपल्या जागीं इतकें पक्कें बसवावें कीं संकटकाळीं त्याची मोजणी करण्याची गरजच कोणास वाटूं नये, हें पाताळ नव्हे तर काय? त्याला जमिनीखालीं असण्याचें कारण नाहीं. तें माजघराच्या मागेंहि असूं शकतें.

कोयनेची गोष्ट निघालीच आहे, तर तिच्याविषयीं आणखी दोन शब्द सांगावयास हवेत. ज्या विजेवर आमचा दिवाणखाना व त्यांतील रुपेरी पडदा उजळतो, तिच्यांत सह्याद्रीच्या पोटांतून येणाऱ्या विजेचा वांटा आहे. पोफळी येथील वीजगृह डोंगर कोरून भूगर्भांत बसविलेलें आहे, आणि सबंध कोयना प्रकल्पाची शक्ति सुमारें १,९६० मेगावॅट आहे. खालीं यंत्रें आणि वर दिवे, हा ‘मेट्रोपोलिस’चा देखावा आम्हां महाराष्ट्रीयांस परका नाहीं. दुसरीकडे त्याच भागांत, धरणाच्या जलाशयाचा आणि भूकंपांचा संबंध समजून घेण्यासाठीं, शास्त्रज्ञांनीं सुमारें ३ किलोमीटर खोल विवर पाडिलें. सव्वा किलोमीटरच्या सुमारास काळा कातळ संपून त्याखालील ग्रॅनाइट जातीचा प्राचीन खडक लागला. ज्या भूमीनें काकूंच्या अंगावर भिंत लोटली, तिची नाडी आतां कोणीतरी पाहत आहे, हें ऐकून काकूंना समाधान वाटलें. “पाहूं देत,” त्या म्हणाल्या, “पण पहाटें कोण उठलं आहे, तेंहि पाहावं.”

आतां तिसरें पाताळ, आश्रयाचें. अणुबाँब पडल्यानंतर पाश्चात्य चित्रपटांत हें विशेष बोकाळलें. १९५१ सालच्या ‘अननोन वर्ल्ड’ या चित्रपटांतील शास्त्रज्ञ अणुयुद्धापासून बचाव करण्यासाठीं भूमि पोखरणाऱ्या यंत्रांत बसून खालीं जातात. त्यांना हवा, पाणी, उजेड सर्व कांहीं असलेली विस्तीर्ण गुहा सांपडते. परंतु त्यांच्याबरोबर नेलेल्या सशांना तेथें जीं पिलें होतात तीं वांझ निघतात. पाताळांत जीव वांचतो, पण वंश वांचत नाहीं. जॉर्ज लुकास याच्या १९७१ सालच्या ‘टी. एच्. एक्स्. ११३८’ या चित्रपटांत तर भूमिगत नगरांतील माणसांचीं डोकीं भादरलेलीं, मनें औषधांनीं बधिर केलेलीं आणि नांवांच्या जागीं अक्षरें व आंकडे. नायक पळतो तेव्हां त्याचा पाठलाग शेवटीं कां थांबतो? दयेनें नव्हे, ठरविलेल्या रकमेपेक्षां खर्च अधिक होऊं लागला म्हणून! याच्या उलट वेल्स यांनींच लिहिलेल्या १९३६ सालच्या ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटांतील भूमिगत नगर पांढरें शुभ्र आणि आरोग्यसंपन्न आहे. पूर्वीं घरांना खिडक्या असत, हें तेथील लहान मुलीला मोठें गमतीचें वाटतें. तिचें तें हंसणें पाहून आम्हांस मात्र उदास वाटलें.

पण या वर्गांतील जो चित्रपट आमच्या घरीं दोनदां लावावा लागला, तो २००८ सालचा ‘सिटी ऑफ एम्बर’. जगाचा नाश जवळ आला असें पाहून शहाण्या लोकांनीं जमिनीखालीं एक नगर वसविलें, आणि २०० वर्षांनीं बाहेर कसें पडावें याच्या सूचना एका पेटींत बंद करून ठेविल्या. ही पेटी एका नगराध्यक्षानें दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची. पण मध्येंच एक नगराध्यक्ष अकस्मात् वारला, परंपरा तुटली आणि पेटी एका घराच्या अडगळींत जाऊन पडली. नगरांतील वीज जाऊं लागली, अन्नाचे डबे सरत आले, तरी आपल्या जगाला बाहेर आहे हेंच कोणास ठाऊक नाहीं! अखेर दोन मुलें तो कागद जुळवून वाट शोधतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ही कथा विशेष लागते. आपणहि पिढीजात पेट्या एकमेकांच्या हवालीं करीत आलों आहों. कुळधर्म, लोणच्यांचीं प्रमाणें, जमिनींचे कागद, आजोबांच्या धीराच्या गोष्टी. या पेट्यांत काय घालावयाचें हें बहुधा वरच्या मजल्यावर ठरतें. म्हणून काकूंची गोष्ट तींत इतकीं वर्षें नव्हती. आतां नातवंडांनीं ती आपल्या हातानें लिहून ठेविली आहे, आणि भूकंपाची हकीकत सांगतांना तीं दोन्ही भाग सांगतात.

आमच्या वाचकांनीं हे चित्रपट मुलांस जरूर दाखवावे. त्यांतील शास्त्र कोठें खरें व कोठें खोटें, तें त्यांना समजावून सांगावें. परंतु तेवढ्यावर थांबूं नये. आपल्या शहरांच्या रस्त्यांखालीं आजहि एक पाताळ आहे. गटारांत व मैल्याच्या टाक्यांत माणसांस जीविताच्या रक्षणाची साधनें न देतां उतरविण्यास २०१३ सालच्या कायद्यानें बंदी आहे, तरीहि त्यांत गुदमरून माणसें मेल्याच्या बातम्या त्यानंतर येतच राहिल्या आहेत. तीं माणसें कोणत्याहि मॉरलॉकांच्या वंशांतलीं नाहींत. त्यांचीं मुलें आपल्याच मुलांच्या वयाचीं आहेत. पुढच्या वेळीं आपल्या घरासमोरील गटाराचें झांकण उघडलेलें दिसलें, तर खालीं कोण उतरलें आहे, किती जण उतरले आहेत आणि कोणत्या साधनांनिशीं, एवढी चौकशी दारांत उभें राहून कोणालाहि करतां येईल. तितके सर्वजण वर येईतों तेथून हलूं नये.